ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज कसं पाहावं: एका कामाचा माग धरून

मॅसॅच्युसेट्समधल्या मराठी घरात पुण्या-नाशकाहून पाहुणे आले की बॉस्टन, हार्वर्ड आणि केप कॉड हे ठरलेलं असतं. त्या यादीत स्टरब्रिजचा एक अख्खा दिवस घाला, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज हे साधारण १७९० ते १८४० या काळातलं न्यू इंग्लंडचं खेडं उभं करणारं संग्रहालय आहे. २०० एकरांहून जास्त जागा, चाळीसहून जास्त इमारती, आणि त्यांत त्या काळचे कपडे घालून खरोखर काम करणारी माणसं. लोहाराच्या ऐरणीवर लोखंड तांबडं झालेलं असतं, चुलीवर काहीतरी शिजत असतं, बैल नांगराला जुंपलेले असतात. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठात आपण खेड्यातली सगळी कामं पुतळ्यांमधून पाहतो. इथं तीच कामं जिवंत माणसं करतात आणि त्यांना थांबवून प्रश्न विचारता येतात.

तरीही पुष्कळ जण "छान होतं, शांत होतं" एवढंच म्हणून परततात. ते घरामागून घर पाहत सुटतात. चार वाजेपर्यंत सगळी घरं सारखीच दिसायला लागतात: चूल, पलंग, चरखा, खिडकी. माझा आग्रह असा की घरं मोजू नका. एक काम धरा, त्याचा माल कुठून आला आणि पुढं कुठं गेला हे विचारत गावभर फिरा. गाव मग आपोआप उलगडतं. पुढचा सगळा आराखडा याच पद्धतीने मांडला आहे.

आधी हे माहीत असू द्या

हे गाव या जागी, या रूपात कधीच नव्हतं. जवळच्या साउथब्रिजमध्ये चष्म्यांचा मोठा कारखाना, अमेरिकन ऑप्टिकल कंपनी, चालवणाऱ्या वेल्स कुटुंबाला जुन्या वस्तू जमवायचा नाद होता. अल्बर्ट वेल्स यांनी अवजारं, भांडी, फर्निचर असं हाताला लागेल ते गोळा केलं. त्यांचे भाऊ चेनी वेल्स यांना घड्याळांचं वेड होतं. वस्तू घरात मावेनाशा झाल्या, तेव्हा त्या कपाटात न मांडता एक चालतं-बोलतं गाव उभारावं, ही कल्पना अल्बर्ट यांच्या मुलाने, जॉर्जने, मांडली. क्विनेबॉग नदीच्या काठी जमीन घेतली आणि जून १९४६ मध्ये गाव लोकांसाठी उघडलं.

इमारती मात्र बहुतेक अस्सल आहेत. त्या न्यू इंग्लंडच्या वेगवेगळ्या गावांतून सुट्या करून आणल्या आणि इथं पुन्हा जोडल्या. शाळा न्यू हॅम्पशायरमधल्या कँडियाची, वाणसामानाचं दुकान व्हरमाँटमधल्या डमरस्टनचं, कुंभाराची जागा कनेटिकटमधल्या गोशेनची, लोकर पिंजायची गिरणी मेनमधल्या साउथ वॉटरफर्डची. प्रत्येक दाराशी "ही इमारत मुळात कुठली?" हा पहिला प्रश्न ठेवा. उत्तरातून चार राज्यांचा नकाशा तयार होतो.

दुसरी गोष्ट बोलण्याची. इथली माणसं "आम्ही १८३८ मध्ये राहतो" असं नाटक करत नाहीत. कपडे जुने, पण बोलणं आजचं: "त्या काळी लोक असं करायचे." त्यामुळे तुम्ही बिनधास्त आजचे प्रश्न विचारू शकता. लोखंड कुठून मागवता, हे शिकायला किती दिवस लागले, उन्हाळ्यात या लोकरी कपड्यात जीव गुदमरत नाही का, सगळं चालतं. आपल्याकडची मोठी माणसं परक्या देशात प्रश्न विचारायला बिचकतात. त्यांना गाडीतच सांगून ठेवा की विचारणं हेच इथलं काम आहे.

कोणत्या ऋतूत जावं

ऋतू बदलला की गावातली कामं बदलतात, म्हणून आधी काम ठरवा आणि मग तारीख.

मार्चमध्ये मेपलचा रस काढतात. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा वितळणारा बर्फ असला की झाडातून रस झिरपतो. साधारण ४० लिटर रस आटवला की एक लिटर पाक मिळतो. त्या काळचे शेतकरी पाकावर न थांबता आणखी आटवून साखरच करत, कारण ती टिकायची. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला इथून हलवणं कठीण जातं. एप्रिल-मे म्हणजे नांगरणी, कोकरं आणि मेंढ्यांची लोकर कातरणं. गर्दी कमी, चिखल भरपूर, बूट तसे घाला.

४ जुलैला गावात स्वातंत्र्यदिन साजरा होतो आणि नव्या नागरिकांचा शपथविधीही बरीच वर्षं इथं होत आला आहे. आपल्या ओळखीत कोणी नागरिकत्वाच्या वाटेवर असेल तर हा दिवस मुद्दाम पाहण्यासारखा आहे.

सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर हा सगळ्यात देखणा काळ. पानं रंगलेली, सफरचंदांचा रस काढणं चालू, शेतातली काढणी चालू. पण शनिवार-रविवारी हमरस्त्यापासूनच रांग लागते. जमलं तर ऑक्टोबरमध्ये आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

डिसेंबरमध्ये संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात नाताळचे कार्यक्रम होतात. सुंदर असतात, पण एक लक्षात असू द्या: १८३० च्या दशकातल्या इथल्या कडव्या प्रॉटेस्टंट खेड्यांत नाताळ फारसा पाळलाच जात नसे, बहुतेकांसाठी तो कामाचा दिवस होता. वर्षाचा मोठा सण होता नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंग. म्हणून त्या काळचं खेडं पाहायचं असेल तर डिसेंबरची संध्याकाळ ही पहिली भेट नसावी.

कडाक्याच्या हिवाळ्यात बर्फाचं काम दाखवतात तेव्हा तेही पाहा. तळ्यातला बर्फ करवतीने कापून भुशात साठवायचा हा न्यू इंग्लंडचा धंदा होता. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये हाच बर्फ जहाजात भरून कोलकात्याला पोचवला, आणि लवकरच मुंबईतही अमेरिकन बर्फ येऊ लागला.

निघण्यापूर्वी

उघडण्याचे वार आणि वेळा मोसमानुसार बदलतात. आठवड्याच्या सुरुवातीचे दिवस गाव बहुधा बंद असतं, त्यामुळे संकेतस्थळावर तारीख बघूनच निघा. त्याच दिवशीचं वेळापत्रकही बघा: कोणती गिरणी केव्हा चालणार, भट्टी पेटणार का, बैल कधी जुंपणार. कुंभाराची मोठी भट्टी वर्षातून थोड्याच वेळा पेटते. तो दिवस साधला तर बाकी सगळं बाजूला ठेवा.

तिकीट स्वस्त नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये राहत असाल तर आधी गावच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. अनेक वाचनालयं संग्रहालयांचे सवलतीचे पास देतात आणि त्यात स्टरब्रिज असतं. उन्हाळी सुट्टीत हे पास आठवडे आधी संपतात. वर्षात दोन ऋतू पाहायचे असतील तर वार्षिक सभासदत्वाचा हिशोब करून बघा, कुटुंबाला ते बहुतेक वेळा परवडतं.

गाडी लागतेच. बॉस्टनहून पश्चिमेकडे आय-९० ने निघालात की तासाभराचा रस्ता. हार्टफर्डहून आय-८४ ने त्याहून कमी. एडिसन, न्यू जर्सीकडून येणाऱ्यांनी मुक्काम धरूनच यावं, एका दिवसात जाऊन-येऊन नुसता शीण होतो. रस्ता क्र. २० वर राहायला बऱ्याच जागा आहेत, संग्रहालयाची स्वतःची सोयही जवळ आहे. गाडी नसेल तर बॉस्टनच्या साउथ स्टेशनहून लोकलने वूस्टर गाठायचं आणि तिथून टॅक्सी, साधारण ३० किलोमीटर. परतीची टॅक्सी आधीच बोलून ठेवा.

रस्ते मातीचे आणि खडीचे आहेत. चपला-सँडल नकोत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी बाक जागोजाग आहेत आणि मोसमात घोडागाडीची फेरीही असते. पण जुन्या घरांचे उंबरे उंच आणि जिने अरुंद. चाकाची खुर्ची असेल तर प्रवेशाशीच विचारून घ्या की कोणत्या इमारतींत आत जाता येईल.

सकाळ शेतावर घालवा

आत शिरलं की पाय सरळ मधल्या हिरव्या पटांगणाकडे वळतात, कारण सुंदर पांढरी घरं तिथं दिसतात. तिकडे वळू नका. आधी फ्रीमनच्या शेतावर जा. प्लायनी फ्रीमन हा स्टरब्रिजचाच शेतकरी, आणि १८१० च्या दशकातलं त्याचं घर इथं आहे. सकाळी लवकर गेलात तर जनावरांचं पाणी-वैरण, चुलीची तयारी, परसबागेतली भाजी तोडणं, सगळं आपल्यासमोर सुरू होतं. अकरानंतर इथं शाळांच्या सहली येतात आणि चुलीपाशी उभं राहायला जागा उरत नाही.

स्वयंपाकघरात विटांचा भिंतीतला भट्टीवजा ओव्हन असतो. तो तापवायच्या दिवशी निदान पाऊण तास तिथंच काढा. आधी ओव्हनच्या पोटातच लाकडं पेटवतात आणि बराच वेळ जळू देतात. विटांनी उष्णता पुरेशी पिऊन घेतली की निखारे ओढून बाहेर काढायचे, राख ओल्या कुंच्याने झाडायची. मग बाई बाही सरकवून उघडा हात आत घालते आणि आकडे मोजते. ठरलेल्या आकड्याच्या आधीच हात काढावा लागला तर ओव्हन अजून फार तापलेला, त्याहून जास्त वेळ ठेवता आला तर गार पडलेला. आच बरोबर जमली की पाव आत, दाराला फळी. आच उतरत जाईल तसतसे पुढचे पदार्थ, आणि शेवटी सोयाबीनएवढ्या वालांचं मडकं रात्रभर. एका जळणात एवढा स्वयंपाक. आपल्या आज्या हाताच्या पाठीने तव्याची धग जोखायच्या, त्यांना हे दोन मिनिटांत कळेल, आणि बहुधा इथल्या बाईशी त्यांचं भाषेशिवायच जमेल.

तो पाव गव्हाचा नसतो हेही विचारा. या भागात गव्हावर तांबेरा पडायचा, म्हणून रोजचा पाव राय आणि मक्याच्या पिठाचा. गव्हाचं पांढरं पीठ न्यूयॉर्ककडून विकत यायचं, पाहुण्या-सणासाठी. चुलीपाशी वावरणाऱ्या बायकांचे घागरे लोकरीचे का, हाही चांगला प्रश्न आहे. सुती कापड ठिणगीने भडकतं, लोकर नुसती धुमसते.

शिजवलेलं पाहुण्यांना खायला देत नाहीत, आरोग्याच्या नियमांमुळे. मुलांना आधी सांगा, नाहीतर रडारड होते.

मग नदीकडे, गिरण्यांवर

तळ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या तीन गिरण्या एकाच बाजूला आहेत: पिठाची, लाकूड कापायची आणि लोकर पिंजायची. संपूर्ण गावात मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. तिन्ही एका दमात पाहू नका. जी चालू असेल तिथं आधी थांबा.

लाकूड कापायच्या गिरणीत गोल पातं नाही. उभी लांब करवत चौकटीत बसवलेली असते आणि पाण्याच्या जोराने ती खाली-वर होते. प्रत्येक फटक्याबरोबर ओंडका ठेवलेला गाडा थोडासा पुढं सरकतो. खाली उतरून चाक बघता येत असेल तर बघा, मग वर येऊन करवत बघा: पाण्याचं गोल फिरणं करवतीच्या उभ्या हालचालीत कसं बदललं, हे मुलं बोटाने दाखवू शकली की त्यांची यंत्रशास्त्राची पहिली शिकवणी झाली समजा. दुपारी कुठल्याही जुन्या घरात गेलात की माळ्याच्या फळ्यांवर हात फिरवा. सरळ, समांतर ओरखडे दिसले तर फळी अशा करवतीची. वक्र ओरखडे असतील तर ती नंतरच्या गोल पात्याची. ही खूण कळली की घरं नुसती बघायची राहत नाहीत, वाचता येतात.

पिठाच्या गिरणीत पैशांची गोष्ट काढा. शेतकरी मका घेऊन यायचा आणि दळणाची मजुरी धान्यातच द्यायचा. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने ती ठरवून दिली होती: सोळावा हिस्सा. इथं आपल्याला बलुतं आठवतं आणि तुलना करावीशी वाटते. पण नीट विचारलं तर फरक कळतो. इथला लोहार, पिंपं करणारा, चांभार हे पिढीजात नव्हते. बहुतेक जण स्वतः शेतकरीही असायचे, हिवाळ्यात हातचं काम करायचे आणि प्रत्येक देवघेव वहीत लिहायचे. अमक्याच्या नांगराला धार लावली इतके सेंट, तमक्याने दिवसभर गवत कापलं इतके सेंट, आणि वर्षा-दोन वर्षांनी दोघे बसून हिशोब मिटवायचे. रोख हाताला क्वचितच लागायची. एमर्सन बिक्सबी नावाच्या लोहाराचं घर बॅरे गावातून इथं आणलं आहे, ते मुद्दाम पाहा. जागेवर पुरातत्त्वाचं उत्खनन करून या कुटुंबाचं राहणं शोधून काढलं आहे. मागच्या दाराबाहेर फेकलेला कचरासुद्धा काय सांगतो हे तिथं ऐकायला मिळतं. सुखवस्तू माणसाचं घर पाहायचं तर पटांगणावरचं सालेम टाउन या गृहस्थाचं १७९६ चं घर आहे, पण बिक्सबीच्या छोट्या घरात त्या काळच्या सामान्य बाईचा दिवस जास्त कळतो.

लोकर, कापूस आणि बूट: हा माग सोडू नका

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एकच काम निवडायचं तर कापडाचं निवडा. तो माग असा आहे.

मेंढ्यांच्या गोठ्यापासून सुरुवात करा. तिथून पिंजायच्या गिरणीत या. हाताने लोकर पिंजायला घरातल्या बाया-मुलांच्या संध्याकाळच्या संध्याकाळ जायच्या. गिरणीने ते काम काही तासांवर आणलं आणि लोकरीच्या लांब वळ्या घरी परत दिल्या, सूत कातायला. मग एखाद्या घरात चरखा आणि रंगाचं मडकं पाहा. निळा रंग कशाचा, हे विचारलं की उत्तर नीळ असं येतं, आणि त्या काळच्या निळीचा मोठा भाग बंगालमधून यायचा. पुढं एसा नाइटच्या वाणसामानाच्या दुकानात शिरा. फळीवर कारखान्याचं सुती कापड आहे. कापड इतकं स्वस्त झालं होतं की १८३० च्या दशकात घरी विणणं सुटत चाललं होतं, आणि शेतकऱ्यांच्या मुली लोवेलच्या कापडगिरण्यांत नोकरीला जाऊ लागल्या होत्या.

आता तोच प्रश्न पुन्हा: कापूस कुठून आला? दक्षिणेतल्या मळ्यांतून, गुलामांच्या श्रमातून. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी १७८० च्या दशकातच न्यायालयांच्या निकालांनी संपली होती, पण या शांत खेड्यातला पैसा तिच्याशी बांधलेलाच होता. चांभाराच्या छोट्या खोलीत हेच पुन्हा विचारा. तिथं शिवले जाणारे जाडेभरडे बूट सगळे गावकऱ्यांसाठी नव्हते. व्यापारी कापलेलं कातडं घरोघर वाटायचा, बाया वरचा भाग शिवायच्या, पुरुष तळवे ठोकायचे, आणि पेट्या भरून माल दक्षिणेत जायचा, गुलामांच्या पायांसाठी. ताडाच्या पानांच्या टोप्याही तशाच: पानं क्यूबाहून, विणणाऱ्या इथल्या मुली, आणि पुष्कळ टोप्या दक्षिणेत.

हे कोणी आपणहून पहिल्या वाक्यात सांगेलच असं नाही. विचारलं की मात्र मोकळेपणाने आणि नीट सांगतात. तसंच जमिनीबद्दल विचारा. हा सगळा प्रदेश मूळनिवासी निपमक लोकांचा. १८३० मध्येही ती माणसं आसपास राहत होती, टोपल्या विणून, औषधी मुळ्या विकून, मजुरी करून. चित्रातल्यासारखं गाव बघताना ही दोन माणसं, शेतमळ्यावरचा गुलाम आणि शेजारचा निपमक, नजरेआड होऊ देऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

दुपारी पटांगण: इथं आपला धागा सापडतो

मधल्या पटांगणाच्या आसपास बँक, वकिलाची खोली, दुकान, छापखाना आणि मीटिंग हाउस, म्हणजे प्रार्थनामंदिर, आहे. जवळच दगडी भिंतींचा कोंडवाडा. भटक्या जनावराला कोंडायचं आणि मालकाकडून दंड घ्यायचा, हे सांगायला कुणा मराठी माणसाला दुभाष्या लागत नाही. बँक आणि वकील पाच मिनिटांत उरका.

मीटिंग हाउसमध्ये मात्र बसा. ही इमारत स्टरब्रिजच्या बाप्टिस्ट मंडळींनी १८३२ मध्ये बांधलेली. रंग नाही, मूर्ती नाही, उंच खिडक्यांतून येणारा भरपूर उजेड आणि कठीण बाकं. अशाच खेड्यांतल्या प्रार्थनामंदिरांतून, बायकांच्या छोट्या मंडळांतून, पै-पै जमवून परदेशी मिशनला पैसा जायचा. १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. पुढं त्याचीच अमेरिकन मराठी मिशन झाली. हॉल याच राज्यातल्या टॉलंड गावचा.

त्यानंतर शाळेत जा. कँडियाची ही एका खोलीची शाळा, चार वर्षांच्या पोरापासून मिसरूड फुटलेल्या तरुणापर्यंत सगळे एकत्र. हिवाळ्यात मोठी मुलं शेतावरून मोकळी होत, तेव्हा पुरुष मास्तर. उन्हाळ्यात लहानग्यांसाठी तरुण शिक्षिका, जिला पुरुषाच्या मानाने फारच कमी पगार मिळे. शिक्षक आळीपाळीने गावकऱ्यांच्या घरी राहायचे. सिंथिया फरार याच जगातली. न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरोची ही अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईला आली आणि पुढं अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा चालवत राहिली. १८६२ मध्ये तिथंच वारली. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली, आणि सावित्रीबाईंनी तिच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. १८४८ मध्ये भिडे वाड्यातली शाळा सुरू झाली त्यामागच्या अनेक धाग्यांपैकी एक धागा अशा लाकडी खोलीतून निघालेला आहे. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि फुल्यांनी आपली वाट स्वतःची काढली, हेही मुलांना त्याच वेळी सांगावं. पण आपल्या मुलींना इथल्या बाकावर बसवून ही गोष्ट सांगायची संधी सोडू नका. लांबच्या देशातलं खेडं मग परकं राहत नाही.

छापखाना वूस्टरच्या आयझाया थॉमस यांच्याशी जोडलेला आहे. हे मोठे मुद्रक, १८१२ मध्ये अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी स्थापन करणारे. इथं खिळे जुळवणं, शाई लावणं आणि दांडा ओढून कागद छापणं दाखवतात. खिळा हातात द्याल का, असं विचारून बघा. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी मराठी खिळे घडवले, आणि तिथं पोरवयात कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी पुढं १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरचं पंचांग ज्यांच्या घरात भिंतीवर होतं, त्या आजोबांना या यंत्रापाशी जरा जास्त वेळ द्या.

प्रश्न कसे काढायचे

"हे काय आहे?" याचं उत्तर पाठ केलेलं मिळतं. "हे कोण करायचं, बाई की पुरुष, आणि त्याबदल्यात काय मिळायचं?" असं विचारलं की माणूस हातातलं काम थांबवून बोलायला लागतो. "यातली सगळ्यात कठीण पायरी कोणती?" हा कारागिराला आवडणारा प्रश्न. "आज तुम्ही कोणती गोष्ट त्या काळापेक्षा वेगळी करता?" हाही विचाराच. कुंभार मग सांगेल की तेव्हा झिलईत शिसं असायचं आणि आता ते वापरत नाहीत. पत्र्याची भांडी करणारा सांगेल की कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा तेव्हा ब्रिटनहून यायचा.

वस्तूला हात लावण्याआधी विचारा, फोटोआधीही विचारा. लोहारापाशी गर्दी असेल तर मागं उभं राहून एक वस्तू पूर्ण होईपर्यंत बघा: खिळा, कडी, काहीही. अर्धवट पाहिलेल्या पाच कामांपेक्षा पूर्ण पाहिलेलं एक बरं.

जेवण, मुलं, आजी-आजोबा

आत खाण्याची सोय आहे, पण कट्टर शाकाहारी माणसाचं त्यावर भागत नाही. पोळी-भाजी, दशम्या, दही-भात असं बरोबर घ्या. बाकं-टेबलं मांडलेली आहेत. जेवण बाराच्या आतच उरका, कारण बारा ते एक पाहुणे जेवायला जातात आणि गिरण्या-घरांत गर्दी विरळ होते. तो तास सोन्यासारखा वापरा.

लहान मुलांसाठी हाताने करायच्या गोष्टी असतात. वेळापत्रकात बघून एखादी आधी नक्की करा. सहा-सात वर्षांखालच्यांना शेत, गिरणी आणि शाळा पुरे. ज्येष्ठांबरोबर असाल तर काच आणि घड्याळांची दालनं दुपारच्या उन्हासाठी राखून ठेवा, आत सावली असते आणि बसायला मिळतं.

गवतातून फिरलात तर संध्याकाळी घरी पोचल्यावर सगळ्यांचे पाय, गुडघ्यामागची घडी, केसांची मुळं नीट तपासा. न्यू इंग्लंडमधल्या गोचिडींपासून लाइम रोग होतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांना हे माहीत नसतं. फिकट रंगाचे पायघोळ कपडे आणि मोज्यात खोचलेली विजार बरी.

स्टरब्रिज लांब पडत असेल तर

अशी आणखी गावं अमेरिकेत आहेत, आणि पद्धत तीच लागू पडते. व्हर्जिनियातलं कलोनियल विल्यम्सबर्ग १९२० च्या दशकापासून रॉकफेलर यांच्या पैशाने जुनं रूप देत उभारलं गेलं. ते खेडं नाही, राजधानीचं शहर आहे. रस्त्यांवरून फिरायला तिकीट लागत नाही, आत शिरायला लागतं. क्रांतीच्या काळात तिथली निम्म्याहून जास्त वस्ती काळ्या लोकांची होती, त्यामुळे त्यांच्या जीवनावरचे कार्यक्रम आधी निवडा. प्लिमथ पटक्सेट बॉस्टनच्या दक्षिणेला, १६२० च्या दशकातली इंग्रज वसाहत. तिथल्या इंग्रज गावात माणसं त्या काळातलीच होऊन बोलतात, तेव्हा मोबाइलबद्दल विचारू नका, पीक आणि आजारपणाबद्दल विचारा. बाजूच्या वाम्पानोआग लोकांच्या जागेत मात्र मूळनिवासी माणसं आजच्या काळातून, स्वतः म्हणून बोलतात. तिथं नाटक शोधू नका आणि पोशाखाबद्दल जपून बोला.

डेट्रॉइटच्या बाजूला असाल तर डिअरबॉर्नचं ग्रीनफील्ड व्हिलेज हेन्री फोर्ड यांनी १९२९ मध्ये सुरू केलेलं. राइट बंधूंचं सायकलचं दुकान तिथं डेटनहून आणलं आहे. यंत्रांची आवड असलेल्या मुलांना ते सगळ्यात जास्त भावतं. इंडियानापोलिसजवळ कॉनर प्रेरी आहे, तिथलं १८३६ चं गाव स्टरब्रिजच्याच काळातलं. न्यू इंग्लंड सोडून पश्चिमेकडे गेलेल्या कुटुंबांनी तिकडे काय नेलं आणि काय मागं टाकलं, हे पाहायला स्टरब्रिजनंतर तिथं जावं. वर्षभराचं अंतर पडलं तरी चालेल, फक्त दोन्हीकडे तेच एक काम धरून फिरा.